लिस्ता

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, पॅकिंगच्या वरच्या मजल्यावर,
जिथं लूमच्या ठोक्यानं फरशीसुद्धा दातासारखी वाजते,
माझं टेबल. टेबलावर पेरूची फाइल.
पेरू म्हणजे देश.
नव्या शिपायानं पहिल्या दिवशी शेजारी तिखट-मीठ आणून ठेवलं होतं.

लिमाच्या ग्रासिएलाबाई आमचे टॉवेल घेतात,
हॉटेलांसाठी, पांढरे, किनारीला एकच निळी रेघ.
रात्री उशिरा त्यांचा आवाज मोबाइलवर:
एस्ता लिस्ता?
माल तयार आहे का, एवढंच.
त्यांच्याकडं माल ही बाई, म्हणून लिस्ता.
बाप्या असता तर लिस्तो.
आपलं तयार बरं,
कुणासमोर शेवट बदलत नाही.

एका मंगळवारी वीज गेली, जनरेटरनं उशिरा दम धरला,
आणि त्यांनी विचारलं, कॅमेऱ्यावर माल दाखवायला तयार आहेस ना?
मी घाईत लिहिलं: सोय लिस्ता.

पलीकडून आधी हसण्याचा एक तुकडा,
मग एक ओळ:
ती तर तू आहेसच, पोरी.

वही उघडली.
शब्द एकच, दारं दोन.
एस्तारच्या दारानं आला तर तयार,
चपला घातलेला, पिशवी उचललेला, आत्तापुरता.
सेरच्या दारानं आला तर हुशार, पोचलेला,
जन्मापासून, झोपेतसुद्धा.

पण आपलं तयार तरी कुठं गपगुमान एका जागी बसतं?
गळा तयार. आंबा तयार.
वजनात पावशेर मारून वर चहा पाजणारा सुताचा दलाल,
लई तयार गडी.
कन्नड बोलणाऱ्या हमालांकडं, आमच्या घरच्या तेलुगूत,
जरा शेपूट हलवून हाच शब्द,
शेंगाचटणीसारखा, घराघरात तिखट वेगळं.

तीन वर्षांपूर्वी भिवंडीहून गड्डम मंडळी मला बघायला आली.
मुलाच्या मामांनी विचारलं, पगार किती?
मी म्हटलं, मुलाचा सांगा, मग बेरीज करू.
जिना उतरताना मामा म्हणाले, मराठीतच म्हणाले:
पोरगी तयार आहे.

आईनं ते तेलुगू कानानं ऐकलं.
संध्याकाळी भक्षालु केले,
पूर्व भागातल्या आमच्या अख्ख्या बोळात वाटले,
येमुलकाकूंना दोन जास्त.
पोरगी तयार आहे म्हणाले, आई सांगत होती,
हातावर तूप, तोंडावर तूप.

आठ दिवस ती फोनच्या आसपास घर झाडत राहिली.
मी काही बोलले नाही.
कोणत्या क्रियापदानं बोलणार?
आपल्याकडं एकच आहे आहे.

माद्रिदकडं या शब्दाची आणखी एक खोड:
कुणी भलतीच आशा धरून बसलं की म्हणतात, वास लिस्ता,
म्हणजे बस मग, बस वाट बघत.
वहीत त्यापुढं उदाहरण म्हणून
मी आईचं नाव लिहिलं.
मग खोडलं. कागद फाटेपर्यंत खोडलं.

काल कंटेनरला सील लागलं.
सहाशे चाळीस खोकी, एक खोकं कोपऱ्यात जरा दबलेलं,
पण चालेल.
ग्रासिएलाबाईंना कळवलं: एस्ता लिस्ता.
त्यांनी लिहिलं: आणि तू?

खाली दुसऱ्या पाळीचे लूम सुरू झाले,
टेबलावरची टाचणी चालायला लागली.
तेवढ्यात आईचा फोन:
तयारैनावा? निघालीस का? भात निवतोय.

अवुनु, म्हटलं.
एक उत्तर राहिलंय, ते देते आणि येते.